मुंबई बेट आणि समोरचा किनारा

ठाण्याची खाडी दक्षिणेकडे रुंदावत जाते, तेथे तिच्या पूर्व तीरावर पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी महापे हे गाव आहे. गावाच्या पाठीशी डोंगर, पश्चिमेस कोपरखैरणे व पावणे या बाजूंची एके काळची खाजणे आणि भातखाचरे, व डोंगर ओलांडून शीळमार्गे कल्याणच्या मुलखात उतरणारी वाट, अशी या गावाची जागा आहे. आज हा सर्व प्रदेश नवी मुंबईच्या औद्योगिक वसाहतीत मोडतो आणि खाडीवरून पूल गेल्यामुळे दोन तीरांमधील अंतर कोणाच्या लक्षातही येत नाही. सतराव्या शतकात मात्र ही पाण्याची पट्टी राज्याराज्यांमधील सीमा होती. पश्चिमेच्या तीरावर सहासष्ट गावांवरून जिला साष्टी हे नाव पडले ती पोर्तुगीजांची साष्टी. तिच्या दक्षिणेस ट्रॉम्ब्याच्या टेकडीपलीकडे मुंबईची लहान लहान बेटे. आणि पूर्वेच्या तीरामागे कल्याण प्रांत, ज्यावर निजामशाही, आदिलशाही, शिवाजी महाराज आणि मोगल यांचा अंमल एकाच शतकात आलटून पालटून बसला.

या किनाऱ्यावरील खारजमिनीचा एक धर्म असा की, तिची सुरक्षितता तिच्या धन्याच्या एकट्याच्या हाती नसते. खारे पाणी अडविणारा बांध अनेक शेतांना सामाईक असतो. शेजाऱ्याने आपल्या वाट्याच्या बांधाकडे दुर्लक्ष केले आणि भरतीच्या जोराने तेथे खांड पडली, की पाणी कोणाचे शेत कोणते हे पाहत नाही. एकदा खारे पाणी शिरलेली जमीन पुढे काही वर्षे पीक देत नाही. म्हणून उत्तर कोकणात बांध राखण्याच्या जबाबदारीवर उभी असलेली शिलोत्री ही एक स्वतंत्र जमीनधारा निर्माण झाली. खारजमीन घेणारा शहाणा कुणबी किंवा आगरी प्रथम माती पाहत नाही, बांध पाहतो. आणि बांध पाहताना तो शेजाऱ्याचा स्वभावही विचारात घेतो.

नेमक्या याच खाडीच्या मुखाशी परमुलखात जमीन मिळविण्याचा उद्योग सतराव्या शतकाच्या मध्यास एका परकी व्यापारी मंडळीने आरंभिला. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई बेट कसे मिळविले ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु ते मिळविण्यापूर्वी त्या बेटाच्या निर्धास्तपणाविषयी कंपनीने व इंग्रज दरबाराने कोणता अंदाज बांधला होता, त्या अंदाजात काय राहून गेले आणि राहून गेलेली गोष्ट नंतर कोणाकडून व कशी शिकावी लागली, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय तोच आहे.

सुरतेच्या वखारीतील इंग्रजांना स्वतःच्या मालकीची जागा हवी होती याचे कारण उघड आहे. सुरतेस ते मोगल अधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहत. माल कोठे ठेवावयाचा, जकात किती द्यावयाची, भांडण झाले तर कोणापुढे जावयाचे, यांपैकी एकही गोष्ट त्यांच्या हातची नव्हती. इ. स. १६५२ मध्ये सुरतेच्या मंडळाने मुंबई बेट पोर्तुगीजांकडून विकत घ्यावे अशी सूचना विलायतेस केली, आणि १६५४ मध्ये कंपनीच्या संचालकांनी ती क्रॉमवेलच्या कानावर घातली. या सूचनेत दोन गुणांवर भर होता. एक, उत्तम बंदर; आणि दुसरा, जमिनीवरून होणाऱ्या हल्ल्यापासून ते बेट निसर्गतःच अलग असणे.

दुसरा गुण विचार करण्याजोगा आहे. चारी बाजूंनी पाणी असलेली जागा सुरक्षित असते, ही समजूत समुद्रावर बळ असलेल्या लोकांची आहे. पण त्या समजुतीविरुद्धचा पुरावा स्वतः इंग्रजांनीच २६ वर्षांपूर्वी निर्माण केला होता. १६२६ मध्ये इंग्रज व डच यांच्या संयुक्त आरमाराने मुंबईवर उतरून तेथील पोर्तुगीज हवेली जाळली होती. ही हवेली म्हणजे गार्सिया द ऑर्ता या वैद्याकडे सोळाव्या शतकात हे बेट भाडेपट्ट्याने असताना त्याचे जे निवासस्थान होते, तेच. जमिनीवरून कोणी येत नाही, पण पाण्यावरून कोणीही येतो, हा धडा ज्यांनी दुसऱ्याला दिला त्यांनीच तो विसरावा, हे काहीसे चमत्कारिक आहे. शिवाय बेटावर माणसांना पुरेल इतका भात, सरपण आणि लाकूड होते काय, व नसल्यास ते कोणाच्या मुलखातून यावयाचे, हा प्रश्नही त्या सूचनेत अग्रभागी नव्हता.

परक्या मुलखातील भांडणे न ओळखल्यास काय होते याचा अनुभव कंपनीला याच सुमारास कोकणातच आला. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला असता राजापूरच्या वखारीतील इंग्रज तोफा-दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीस गेले आणि आपले निशाण फडकावून त्यांनी गडावर गोळे टाकले. व्यापाऱ्याने एका बाजूचे मेहरबानीपत्र मिळविण्यासाठी दुसऱ्या बाजूचे वैर पत्करावे, हा हिशेब त्यांना फायद्याचा वाटला असावा. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले, वखार लुटली गेली आणि तेथील इंग्रज कैदेत पडले. सुरतेच्या मंडळाने या कैद्यांना कळविले ते असे की, ज्या निशाणाखाली गोळे टाकले ते इंग्रजांचे आहे हे सर्वांना दिसत होते, तेव्हा तुमच्या कैदेचे कारण अन्यत्र शोधण्याची गरज नाही. स्वकीयांविषयी असा कोरडा निवाडा दप्तरात क्वचितच आढळतो.

राजापूरची वखार गेली त्याच वर्षी, २३ जून १६६१ रोजी, दुसरा चार्ल्स आणि ब्रागान्सा घराण्याची कॅथरिन यांच्या विवाहाचा तह झाला व मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली. ज्या जागेसाठी कंपनी पैसे मोजण्यास तयार होती ती राजाला फुकट आली. मात्र ज्याला ती मिळाली त्याला ती नक्की कोठे आहे याचीही स्पष्ट कल्पना नव्हती. राजाचा प्रधान क्लॅरेंडन हा मुंबई ब्राझीलजवळ असल्याचे समजत होता, अशी गोष्ट मुंबईचे इतिहासकार आवर्जून सांगतात. त्यात थट्टेचा अंश धरला तरी देण्याघेण्याच्या वेळी हद्दीचा घोळ झाला हे निर्विवाद आहे. मुंबई या नावात साष्टी आणि ठाणे येतात असे इंग्रजांचे म्हणणे, तर मुंबई म्हणजे केवळ मुंबई बेट असे पोर्तुगीजांचे. नाव एकच, पण लंडनमध्ये ते एका मोठ्या टापूचे नाव होते आणि वसईत ते एका लहान बेटाचे. जमिनीच्या व्यवहारातील तंटे पुष्कळदा अशा एका नामाच्या दोन अर्थांतून जन्मतात. आपल्याकडील दस्तऐवजांत चतुःसीमा लिहिण्याचा आग्रह धरला जातो तो याच कारणाने.

सप्टेंबर १६६२ मध्ये मार्लबरोच्या अर्लचे आरमार सर अब्राहम शिपमन व त्याचे शिपाई यांना घेऊन मुंबईच्या बंदरात आले. पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो याने कागदपत्रांतील उणिवा दाखवून ताबा नाकारला. शिपमनला कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहावे लागले. तेथे तो स्वतः १६६४ मध्ये मरण पावला आणि त्याचे बहुसंख्य शिपाईही रोगराईने गेले. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुक याने उरलेल्या मूठभर लोकांसह मुंबईचा ताबा घेतला. परंतु तो घेताना त्याने अशा अटी मान्य केल्या की, पुढे त्या त्याच्या वरिष्ठांना मान्य झाल्या नाहीत. पोर्तुगीजांची जहाजे बंदरातून निर्वेध जावीत, कॅथलिक धर्माला बाध येऊ नये, पोर्तुगीज मुलखातून पळून आलेले कुणबी, भंडारी इत्यादी लोक बेटावर ठेवून घेऊ नयेत, असा या अटींचा आशय होता.

यांतील शेवटची अट विशेष बोलकी आहे. जमीन देणाऱ्याला आपल्या उरलेल्या जमिनीवरील माणसे निघून जातील ही भीती होती, आणि घेणाऱ्याला माणसांवाचून जमिनीचा काही उपयोग नव्हता. म्हणजे पहिल्याच दिवसापासून हे बेट आणि समोरची साष्टी यांच्यात भात पिकविणाऱ्या हातांवरून स्पर्धा ठरलेली होती. द मेलो द कास्त्रो याला ती पुरती कळली होती. ज्या दिवशी इंग्रज मुंबईत ठाण मांडतील त्या दिवशी पोर्तुगालच्या हातून हिंदुस्थान गेला असे समजावे, या अर्थाचे पत्र त्याने आपल्या राजाला लिहिले. शेजारच्या भूमीचे मूल्य शेजाऱ्याला आधी कळते, असेच म्हणावे लागेल.

राजाला बेट परवडेना. २७ मार्च १६६८ च्या सनदेने ते वार्षिक १० पौंड भाड्यावर कंपनीकडे आले आणि १६६९ मध्ये जेराल्ड आँजियर सुरतेचा अध्यक्ष व मुंबईचा गव्हर्नर झाला. बेटाविषयीचा पहिला अंदाज कोठे चुकला होता हे ज्याला रोजच्या कारभारात समजून घ्यावे लागले, तो हा मनुष्य.

चूक नकाशावर बोट ठेवून दाखविता येण्यासारखी होती. मुंबईचा माल देशावर जावयाचा तर कल्याणकडे जाणे सोयीचे. आणि कल्याणकडे पाण्याने जावयाचे तर ठाण्याच्या पोर्तुगीज चौकीखालून जावे लागे. दक्षिणेकडून जाणाऱ्या जलमार्गावर उरणजवळचे करंजा बेट, तेही पोर्तुगीजांचेच. या दोन ठिकाणी पोर्तुगीज जकात घेत आणि खटका उडाला की शिधासामग्रीच्या नावा अडवीत. म्हणजे बेट इंग्रजांचे, पण बेटाची दोन्ही दारे शेजाऱ्याच्या अंगणात उघडणारी. आँजियरने याविषयी तक्रारी केल्या. परंतु ठाणे विवाहाच्या तहातून सुटलेले होते ते सुटलेलेच राहिले. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने १६७५ मध्ये मुंबईहून जुन्नरला जाताना ठाणे-कल्याणचा हाच मार्ग धरला होता. त्याच्या प्रवासवर्णनात कल्याणच्या पूर्ववैभवाच्या भग्नावशेषांची नोंद आहे. जे शहर इतक्यांदा हातोहात गेले त्याची ती दशा आश्चर्याची नव्हे.

दुसरी अडचण याहून कठीण होती. बंदराच्या पूर्वेचा पेण व नागोठण्याकडील मुलूख शिवाजी महाराजांचा, आणि मुंबईला लागणारा शिधा व लाकूडफाटा त्याच बाजूने येई. पण पावसाळ्याच्या तोंडावर जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार मुंबईच्या बंदरात आश्रय मागत असे. सिद्दी मोगल बादशहाचा चाकर. त्याला नकार द्यावा तर सुरतेची वखार धोक्यात, होकार द्यावा तर समोरचा किनारा शत्रू होतो. ऑक्टोबर १६७३ मध्ये सिद्दीचे लोक मुंबईच्या बंदरातून पेण-नागोठण्याच्या खाड्यांत शिरले. त्यांनी गावे जाळली आणि माणसे धरून नेली. ज्यांची घरे जळली त्यांना बंदराचा धनी आणि बंदरात उतरलेला पाहुणा यांच्यातील भेद समजावून सांगणे अवघड होते. राजापूरला इंग्रजांनी आपण होऊन पक्ष घेतला होता. येथे पक्ष न घेण्याचा यत्न करूनही तो घेतल्यासारखा झाला, कारण जागाच तशी होती.

आँजियरचे धोरण या पेचातून वाट काढण्याचे होते, आणि ते पुष्कळ अंशी शहाणपणाचे म्हटले पाहिजे. जून १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा त्याने हेन्री ऑक्झेंडन याला नजराणा घेऊन पाठविले. त्या वेळच्या तहात राजापूरच्या नुकसानीबद्दल १०,००० होन देण्याचे ठरले. पण सिद्दीशी कायमचे वैर धरण्याची महाराजांची अपेक्षा इंग्रजांना पुरविता आली नाही, आणि सिद्दीशी त्यांचे सख्य घडवून आणण्याची इंग्रजांची इच्छाही फळली नाही. १६७९ मध्ये मराठ्यांनी बंदराच्या मुखाशी असलेल्या खांदेरीवर तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी आरमार पाठवून ती अडविण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर त्यांना तडजोड करावी लागली. लगोलग सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर तोफा चढविल्या. जमिनीपासून अलग असण्याची जी थोरवी १६५४ मध्ये सांगितली गेली होती, तिचा अर्थ आता असा झाला की बेटाच्या दाराशी दोन परस्परविरोधी किल्ले उभे राहिले आणि दोहोंपैकी एकही बेटाच्या धन्याचा नव्हता.

बेटाच्या आतही सर्व ठीक होते असे नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या जमीनदारांच्या हक्कांविषयी कुक व त्याच्या नंतरच्या अधिकाऱ्यांनी शंका काढल्या होत्या. कोणाची वाडी जप्त होईल याचा नेम नव्हता, आणि वांद्र्याच्या जेझुइटांचा त्यांच्या बेटावरील जमिनींवरून तंटा चालू होता. आँजियरने १६७२ मध्ये जमीनधारकांशी करार केला, त्याला १६७४ मध्ये पक्केपणा आला. वर्षाला २०,००० झेराफिन कंपनीला द्यावेत आणि जमिनी निर्वेध भोगाव्यात, असा त्याचा गाभा. मुंबईच्या जमीनविषयक परिभाषेत या व्यवस्थेच्या खुणा दीर्घकाळ टिकल्या. पोर्तुगीज 'फाझेंदा'पासून फजिंदार आणि फजिंदारी हे शब्द झाले. बाहेरची, म्हणजे तटाबाहेरची जमीन या अर्थाच्या शब्दापासून 'फोरास' झाला आणि तो पुढे एका रस्त्याच्या नावात उरला. इंग्रजांनी नारळीच्या वाडीस पोर्तुगीजांकडून घेतलेला 'ओअर्ट' आणि भातास मराठीवरून घेतलेला 'बाती' हे शब्द वापरले. एका लहानशा बेटावरील जमिनीचा व्यवहार तीन भाषांतून चालला होता. नवख्या माणसाला कोणाच्या शब्दावर विसंबावे हे ठरविणे सोपे नव्हते.

येथे मराठीतील एका शब्दाचा विचार करणे अस्थानी होणार नाही. परमुलखातून येऊन वसणाऱ्या माणसाला राज्यकर्त्याने जे अभय द्यावयाचे, त्याला त्या काळच्या मराठी कागदांत कौल म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ उच्चारलेले वचन. ओसाड गाव वसवावयाचे झाले की दिवाण रयतेला कौल देई : अमुक वर्षे सारा माफ, त्यानंतर चढत्या प्रमाणात, लष्कराचा उपद्रव लागू नये, वेठ घेऊ नये. इंग्रजी दप्तरांतही हा शब्द थोड्या फरकाने उतरला आहे. कोकणात याच शब्दाला आणखी एक जागा आहे. नवे घर बांधावयाचे, जमीन घ्यावयाची अथवा स्थलांतर करावयाचे असले म्हणजे ग्रामदेवतेला कौल लावतात. मूर्तीला चिकटविलेले फूल किंवा कळी उजवीकडून पडते की डावीकडून, यावर होय-नाही ठरते. दिवाणाचे वचन आणि देवाचे उत्तर यांना भाषेने एकच नाव दिले, त्याचे कारण मागणाऱ्याची अवस्था दोन्हीकडे सारखीच असते. त्याला जमीन दिसत असते; त्या जमिनीवर आपले पुढे काय होईल ते दिसत नसते.

असा कौल मागणारांमध्ये ज्याच्या मागण्या कलमवार उपलब्ध आहेत तो दीव येथील वाणी व्यापारी निमा पारख. पारख म्हणजे नाणे पारखणारा. हे त्याचे उपनाव मोठे समर्पक आहे. १६७७ मध्ये, म्हणजे आँजियरच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, त्याने मुंबईस येऊन राहण्यापूर्वी कंपनीपुढे दहा कलमे ठेवली. ती बारकाईने वाचली असता परमुलखात जागा घेणाऱ्याने कोणकोणती भये मोजावीत याची ती यादीच वाटते.

पहिल्या कलमात घर व वखार यांसाठी विनाभाडे जागा मागितली आहे. जागेविषयी एवढेच; पुढची नऊ कलमे जागेभोवतालच्या माणसांविषयी व कारभाराविषयी आहेत. दुसऱ्यात त्याने आपल्या घरात आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक मागितली. इंग्रज, पोर्तुगीज, अन्य ख्रिस्ती किंवा मुसलमान यांपैकी कोणी आपल्या आवारात राहू नये व तेथे जीवहत्या करू नये. प्रेते आपल्या रीतीने दहन करता यावीत. लग्नाचे विधी करता यावेत. आपल्यापैकी कोणत्याही वयाच्या माणसास बळाने ख्रिस्ती करू नये. आणि वेठीने ओझी वाहावयास लावू नये. यामागे पोर्तुगीज मुलखातील अनुभव स्पष्ट दिसतो. अनाथ हिंदू मुले ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती धर्मात वाढविण्याचा हुकूम पोर्तुगीज सरकारने सोळाव्या शतकातच काढला होता. 'कोणत्याही वयाच्या' हे शब्द उगाच आलेले नाहीत.

यापुढे पहारा-चौकीतून मुक्तता आणि सरकारने सक्तीने कर्ज न मागण्याची हमी. दावा उपस्थित झाल्यास पूर्वसूचनेवाचून अटक किंवा अप्रतिष्ठा न व्हावी, आणि जातीतले तंटे जातीने मिटवावेत. स्वतःच्या जहाजांनी ये-जा करता यावी. बारा महिन्यांत न विकलेला माल जकातीवाचून परत नेता यावा. ऋणको बुडाल्यास आपल्या येण्याला अग्रक्रम मिळावा. युद्धप्रसंगी किल्ल्यात माल, द्रव्य व कुटुंब ठेवण्यास जागा मिळावी. गव्हर्नरकडे जाता यावे व गेल्यावर योग्यतेप्रमाणे बसावयास मिळावे. आणि शेवटी, नारळ, सुपारी व पाने यांच्या खरेदीविक्रीत कोणाचा उपसर्ग नसावा. शेवटचे कलम क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या गावात नित्याच्या पानसुपारीसाठी एखाद्या मक्तेदाराच्या तोंडाकडे पाहावे लागते तेथे माणसाला परकेपणा रोज जाणवतो, हे त्या व्यापाऱ्याने ओळखले होते.

युद्धासंबंधीचे कलम तर विशेष महत्त्वाचे. १६६८ मध्ये मस्कतच्या अरबांनी दीव लुटले होते. सुरतही १६६४ आणि १६७० अशी दोनदा लुटली गेली होती. समुद्रकाठच्या श्रीमंत शहराचे काय होते हे निमा पारखला कोणी सांगावे लागत नव्हते. बेट पाण्याने अलग आहे या गुणावर त्याने मुळीच भरवसा ठेवला नाही. किल्ल्याच्या भिंतीआडची एक खोली त्याला अधिक खरी वाटली. त्याचप्रमाणे माल परत नेण्याचे व मोकळेपणाने निघून जाण्याचे कलम. येताना जाण्याची वाट राखून ठेवणे हे अविश्वासाचे लक्षण मानले जाते. वस्तुतः ज्याला परत जाता येते तोच निर्धास्तपणे राहतो, आणि मुंबईचे पुढचे व्यापारी इतिहासकथन पाहता कंपनीचे यात काहीच बिघडले नाही.

मुंबईच्या अधिकाऱ्यांनी या कलमांवर दिलेला अभिप्रायही पाहण्यासारखा आहे. बहुतेक मागण्या सहज मान्य करण्याजोग्या आहेत, कारण बेटावरील वाण्यांना या सवलती आधीच मिळतात, असे त्यांनी कळविले. पहाऱ्याच्या कलमावर मात्र त्यांनी एक भेद केला. ज्याने येथे वाडी विकत घेतली आहे त्याला संकटसमयी इतरांप्रमाणे एक बंदूकधारी पाठवावा लागतो. ज्याची जमीन नाही त्याच्याकडून काही मागितले जात नाही. भाड्याच्या जागेत राहणारा आणि जमिनीचा धनी यांच्यातील फरक याहून थोडक्यात सांगता येणार नाही. जमीन घेणारा जमिनीबरोबर तिची भांडणेही घेतो.

ती भांडणे १६८९ मध्ये एकदम अंगावर आली. गव्हर्नर सर जॉन चाइल्ड याने मोगलांशी युद्ध उकरून काढले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीस उतरला. माझगाव आणि माहीम गेले, आणि कंपनीच्या हाती किल्ल्यापलीकडे फारसे काही उरले नाही. दीड लाख रुपये दंड भरून आणि औरंगजेबाची क्षमा मागून जून १६९० मध्ये सिद्दीचा वेढा उठला. ज्यांच्या वाड्या व घरे तटाबाहेर होती त्यांनी या सोळा महिन्यांत काय सोसले असेल याचा हिशेब कंपनीच्या वह्यांत तोकडाच सापडतो. किल्ल्यातील जागेचे कलम लिहून घेणारा व्यापारी मात्र बारा वर्षे आधीच शहाणा ठरला होता.

समोरच्या किनाऱ्याचा प्रश्न इंग्रजांच्या दृष्टीने पुढे शस्त्रानेच सुटला. १६६२ मध्ये जी साष्टी त्यांना तहाच्या अर्थावरून मिळाली नाही ती मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकली, १७३९ मध्ये वसईही घेतली. आणि डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेऊन साष्टी मराठ्यांकडून बळकावली, ती १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडे कायम झाली. पूर्वेचा तीर पेशवाईच्या अखेरीस त्यांच्याकडे आला. एक नाव दोन अर्थांनी वाचल्याने उपजलेला वाद मिटावयास सव्वाशे वर्षे लागली.

दोन्ही तीर एका सत्तेखाली आल्यावर समोरच्या किनाऱ्याची चौकशी करण्याचे कारण उरले नाही, व ती सवयही मोडली. पूर्वेच्या तीरावर बाहेरच्यांना जमीन हवी झाली ती त्यानंतर दीडशे वर्षांनी. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर मार्गालगत, महापे व आसपासच्या गावांच्या जमिनींवर कारखान्यांची वसाहत उभी राहू लागली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात नव्या शहराची आखणी झाली. या वेळी पाणी, रस्ता, बंदराचे सान्निध्य हे सर्व पाहिले गेले. जमीन ज्यांच्याकडून घ्यावयाची ते आगरी व कोळी शेतकरी उद्या याच शहराचे शेजारी असणार, ही बाब कागदावर मोबदल्याच्या दराच्या रूपाने तेवढी आली. जुन्या कागदांतील कौल या शब्दाची जागा 'संपादन' या शब्दाने घेतली होती. पहिल्यात वचन देणारा आणि घेणारा असे दोघे असतात, दुसऱ्यात घेणारा एकटाच. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या परिसरात आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धारकास परत देण्याचे धोरण आले.

ते आले तोपर्यंत महापे-घणसोलीच्या बाजूची भातखाचरे बुजून गेली होती आणि खारे पाणी अडविणाऱ्या बांधांची व उघाड्यांची देखभाल करणारे हात कारखान्यांच्या फाटकांशी काम शोधीत होते. गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेल्या घरांना कोणत्या सीमेपर्यंत मान्यता द्यावयाची, हा वाद नवी मुंबईतील गावांत त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिला.